पुढून उघडणारे सहा शर्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

तारीख मिळाली. अठरा. सर्जनबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. गाठीसकट खालचा भाग काढणार. पाच तास लागतील. "स्कॅनमध्ये कॅन्सर पसरलेला दिसत नाही, पण खरं काय ते उघडल्यावरच कळेल," म्हणाल्या.

ह्यांनी एकच विचारलं, "किती कापणार?"

"पाऊण पोट."

ह्यांनी चित्रावर बोट फिरवून वळण बरोबर आहे का तेही पाहिलं! एकतीस वर्षं दुकानात कापड कापणारा माणूस. हे कापणार, मी शिवणार, हे आमचं पहिल्यापासूनचं. कात्रीला मला हातसुद्धा लावू दिलेला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाले, "ॲसिडिटीची गोळी मागायला गेलो आणि हे! हात दाखवून अवलक्षण." मी हसले. मग जिन्यात मागे राहून रडून घेतलं. दोन मिनिटं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वजन वाढवायची पावडर आणली. खडूसारखी लागते म्हणे. खडू कधी खाल्लात, विचारलं. "दातात धरून धरून निम्मा पोटातच गेलाय."

८ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलची यादी — पुढून उघडणारे शर्ट, सहा. मी आतून खिसाही लावणार, नळीची पिशवी ठेवायला. हे खुर्चीत बसले आणि कात्री माझ्या हातात दिली. "शीक. दोन महिने तुलाच रेटायचंय." मापाची वही काढलीच नाही, ह्यांचं माप मला पाठ. छाती चाळीस. दोन शर्ट कापून, शिवून मोकळी झाले.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही अंगावर नुसते लोंबतात! टेप लावली. छत्तीस. दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा अर्धा इंच मी लांबून ओळखते, आणि घरातला माणूस चार इंच उतरला ते दिसलं नाही. लाज वाटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

छत्तीसने दोन नवे केले, अगदी मापात. ह्यांनी एक उलटा करून शिवण पाहिली. "माया कुठाय?"

शिवणीच्या आत दोन इंच जास्तीचं कापड ठेवायचं, हा ह्यांचा नियम. गिऱ्हाईक आज ना उद्या जाड होतंच, मग उसवून वाढवता येतं. "मी काय असाच राहणार आहे? भरणार नाही का पुन्हा?" आवाज चढला. माझाही चढला. लेकीचा फोन चालू होता, तिने सगळं ऐकलं.

"आई, शर्टावरून भांडताय?"

"शर्टावरूनच!"

चारही शर्ट बाजूला टाकले. नवं कापड काढलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र. श्वास आत ओढून तीन चेंडू वर न्यायचे. ह्यांचे दोनच जातात. मी ओढला, तिन्ही गेले. "तुझी भांडून भांडून तयार झालीत."

१७ फेब्रुवारी, सोमवार

दाखल झालो. बॅगेत सहा शर्ट. छत्तीस छाती, आत दोन इंच माया. बटणं तेवढी राहिलीत, उद्या बसल्या बसल्या लावीन.

सर्जनबाई पोटावर पेनाने रेघ मारून गेल्या. "हात स्थिर आहे हो," हे कौतुकाने म्हणाले. वर ऐकवलं, "दोनदा मोजा, एकदाच कापा!" त्या हसल्या.

मला भीती वाटते. ह्यांच्यासमोर बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. मला हे घरी हवेत. बाकी काही नको.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आठला आत नेलं. तिसऱ्या शर्टाचं दुसरं बटण लावत होते, तर सर्जनबाई समोर उभ्या. नऊसुद्धा वाजले नव्हते. आत सगळीकडे पसरलंय. काही कापलं नाही. उघडलं, पाहिलं, तसंच शिवलं.

हे अजून शुद्धीवर आलेले नाहीत. आले की पहिलं तेच विचारतील — किती कापलं?