तिसऱ्या खुर्चीवरचं हेल्मेट

प्रिय ढापण्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्यावर आईची बडबडही आहे तशीच. फोन केला असता, पण फोनवर तू मधेमधे तोंड घालतोस आणि मग मला जे सांगायचंय ते राहूनच जातं. तेव्हा निमूट शेवटपर्यंत वाच.

आमच्या लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा नुसता ढीग पडलाय. दुपारी पॉलिशचं मशीन सुरू केलं की मी कानात तुमचा सिनेमांवरचा कार्यक्रम लावते. हो, ऐकते. वेळ कुठे मिळतो रे, असं दोन वर्षं तुला सांगत आले ते साफ खोटं. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव भाग ऐकलेत, काही तर दोनदा. आणि दर वेळी अंगाचा तिळपापड झालाय. तू अर्धं वाक्य बोलतोस आणि तुझी बायको उरलेलं पुरं करते. अरे, ते काम माझं होतं! सिनेमातला रबरी राक्षस संगणकातल्या राक्षसापेक्षा केव्हाही भारी, कारण रबराच्या आत एक माणूस खरोखर घामाघूम होत असतो, हे मत कुणाचं? तू सातवीत होतास तेव्हा थिएटरबाहेर बसची वाट बघताना मी तुला ते ऐकवलं होतं. चाळिसाव्या भागात तू ते झोकात स्वतःचं म्हणून सांगितलंस आणि बाईसाहेब तुझ्यावर खूश! माझ्या हातातली कवळी उडून टेबलाखाली गेली. रांगत जाऊन शोधली.

आपला नियम आठवतो ना? सिनेमा संपला की चकार शब्द काढायचा नाही. तिकिटामागे दहापैकी गुण लिहायचे, घडी घालायची, अदलाबदल करायची आणि मगच बोलायचं. हा नियम मी केला, कारण तू मी म्हणेन त्याला मान डोलवायचास आणि मला भाऊ हवा होता, नंदीबैल नको होता. ती सगळी तिकिटं माझ्याकडे कवळीच्या डब्यांत भरून ठेवलेली आहेत. लाल ग्रहाच्या मालिकेतला तिसरा सिनेमा आपण पाहिला तेव्हा तू चार दिले होतेस आणि मी आठ. आठवडाभर भांडलो. शेवटी जेवताना ग्रह-ताऱ्यांचं नाव काढायचं नाही असा आईनं कायदा केला, तरी तू चारावरून हलला नाहीस. आणि चौऱ्याण्णवाव्या भागात त्याच सिनेमाला नऊ? का, तर तिला तो आवडतो म्हणून! माझ्यासाठी अर्धा गुण वाढवला नाहीस रे कधी.

त्यात ते हेल्मेट. तुमच्या व्हिडिओत तुम्हा दोघांच्या शेजारी एक तिसरी खुर्ची दिसते आणि तिच्यावर मी तुला करून दिलेलं अंतराळवीराचं हेल्मेट पडलेलं असतं, इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवावेत तसं. तू बारा वर्षांचा होतास, शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि मी नुकतीच लॅबमध्ये लागले होते. कागदाचा लगदा, वरून दातांच्या साच्याचं प्लास्टर आणि कानाच्या जागी कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला. जगात गुलाबी हिरड्यांचं हेल्मेट घालणारा अंतराळवीर तू एकटाच असशील. इतकं जड झालं होतं की बक्षीस घ्यायला वाकलास तो वाकलेलाच राहिलास, सरांनी तुला धरून सरळ केलं. त्याची ही किंमत, असं वाटून मला रडू यायचं.

आता मुद्द्याचं. 'शेवटची रांग' या नावानं तुमच्या प्रत्येक भागाखाली लांबलचक खरडपट्टी काढणारा जो आहे, ज्याला तू सगळ्यात खडूस आणि सगळ्यात लाडका श्रोता म्हणतोस, तो म्हणजे मी. सुरुवात निव्वळ जळफळाटातून झाली. तिची चूक काढायची, एवढाच हेतू. पण तू उत्तर दिलंस. मग मी, मग परत तू. वेळप्रवासाच्या सिनेमात नायकानं स्वतःलाच भेटावं की नाही यावर आपण बारा दिवस भांडलो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. आणि मग गंमत बघ, मला त्या शेवटच्या रांगेचाच हेवा वाटायला लागला! त्या अनोळखी माणसाला तू चार-चार परिच्छेद लिहायचास आणि ताईला काय, तर जेवलीस का. खुर्चीवरची ती अडगळ हलवा, असंही मी एकदा लिहिलं होतं. तू एरवी सगळ्याला उत्तर देतोस. त्याला दिलं नाहीस.

चौऱ्याण्णवाव्या भागाच्या वेळी मात्र मी माती खाल्ली. तावातावानं लिहून बसले की पूर्वी याच सिनेमाला चार देणारा माणूस आज नऊवर कसा आला? तो चारचा आकडा तू कार्यक्रमात कधीच सांगितलेला नाहीस, तो फक्त त्या तिकिटावर आहे. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, चष्मा असून काय उपयोग! तिच्या आलं, आपलं ते आठवडाभराचं भांडण तू तिला कधीतरी सांगितलं होतंस म्हणे. तिनं मला वेगळा निरोप पाठवला, ताई, तुम्हीच ना? दोन दिवस मी तो निरोप नुसता उघडत-मिटत बसले. मग तिनंच पुन्हा लिहिलं. तुला काही सांगणार नाही म्हणाली, 'ते सांगायचा मान तुमचा.' आणि तुम्ही दोघांनी तीन खुर्च्या एकदमच आणल्या होत्या, तिसरीवर तू कुणाला बसू देत नाहीस, पाहुण्यांनासुद्धा स्टूल देतोस, असंही लिहिलं. जागा धरायला आपण रुमाल टाकतो, तसं तू ते हेल्मेट ठेवलंयस म्हणे.

ढापण्या, हा कार्यक्रम करायचं तुझ्या डोक्यात आलं तेव्हा सगळ्यांत आधी तू मला विचारलं होतंस. तुझं लग्नही ठरलं नव्हतं. कवळ्या करणाऱ्या बाईची मतं कोण ऐकणार, असं म्हणून मी फोन ठेवला होता. मी घाबरले होते रे. आणि मग माझी जागा घेतली म्हणून दोन वर्षं त्या पोरीवर जळत बसले.

शंभराव्या भागाला तू शेवटच्या रांगेला बोलावलंयस. मी येणार आहे. मला अचानक समोर बघून तू सगळ्यांसमोर रडशील, चष्मा पुसत बसशील आणि अर्धा भाग वाया जाईल, म्हणून हे पत्र आधी पाठवतेय. खोटं कशाला बोलू, जळफळाट अजून पुरता गेलेला नाही, त्याला थोडा वेळ लागेल. त्या भागाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढ. नियम भावजयीला नीट समजावून सांग आणि माझी भीड धरायची नाही म्हणावं. आणि रविवारी भागाच्या वेळी माझ्यासाठी स्टूल आणू नकोस. ते हेल्मेट खुर्चीवरून उचल, मला तिथे बसायचंय.

तुझीच, आठवर अजून ठाम असलेली,
ताई