माहेराक गेलेला पाय

कांजूरमार्ग (पूर्व),
रविवार, दुपार

ती. मार्तंडदादा यांना,

धाकट्या नंदकिशोरचा वाकून नमस्कार. आपली कंबर आता बरी असेल, आणि वैद्यांनी दिलेलं तेल आपण कंबरेलाच लावत असाल, दाराच्या बिजागरीला नव्हे, असं धरून चालतो. वहिनींनाही नमस्कार. (मोठ्या भावाला पत्रात 'आपण' लिहावं असं तुझ्या भावजयीचं, दर्शनाचं, म्हणणं. दोन ओळी लिहिल्या, यापुढे झेपणार नाही.) फोनच केला असता, पण फोनवर तू पहिल्याच मिनिटाला 'मुद्द्याचा बोल' म्हणतोस आणि माझा मुद्दा लांब आहे.

आमचं नंदकिशोर मोटर ट्रेनिंग स्कूल सव्वीस वर्षं एका पाटीवर चाललं हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी समोरच एक चकचकीत स्कूल आलं. तिथे मोबाइलवरून नाव नोंदवतात आणि शिकवणारे टाय लावतात. आमच्याकडे येणारे कमी झाले, आणि जे येत ते समोरच्यांचा पत्ता विचारत. तेव्हा दर्शनाने तिच्या बहिणीच्या मुलीला, ऋतिकाला, बोलावून घेतलं. ती अंधेरीला जाहिरात कंपनीत आहे आणि लोकांच्या धंद्यांना इंटरनेटवर ओळख मिळवून देते. तिने वही उघडून विचारलं, काका, तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता? मी म्हटलं, बावन्न वर्षांचा असता आणि त्याचा गुडघा दुखत असता. तिने वही मिटली.

मग तिने समजावलं की ओळख सगळ्यांहून वेगळी हवी आणि अस्सल हवी, म्हणजे मी जसा आहे तसाच दिसायला हवा. मी जसा आहे तसे आम्ही तीन व्हिडिओ केले. एक हँडब्रेकवर, एक आरशावर आणि एक पादचाऱ्यांशी सभ्यपणे वागण्यावर. ते एकूण चौदा वेळा पाहिले गेले, त्यातल्या नऊ वेळा मी. (तिसऱ्यात दर्शनाला झोप लागली, तिचं ते पाहणं मोजू नये असं ती म्हणते.) शेवटी ऋतिकाने गाडीतच कॅमेरा बसवला आणि म्हणाली, विसरून जा की तो आहे.

त्या आठवड्यात बँकेतून निवृत्त झालेल्या रुक्मिणीबाई शिकायला होत्या. नवशिक्यांना मी सकाळी आरे कॉलनीत नेतो. तिथल्या एका तबेल्याजवळ बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, तरी आम्ही म्हशींच्या वैरणीच्या ढिगात बॉनेटपर्यंत शिरलो. आणि सव्वीस वर्षांत कधी आवाज न चढवलेला मी ओरडलो, "अगो, ब्रेक खंय, तुझो पाय खंय? माहेराक गेलो?" वाक्य कुणाचं ते तुला सांगायला नको. एसटीच्या नोकरीतून रजेवर गावी यायचास आणि माळावर मला जीप शिकवायचास, तेव्हा मी ते रोज सकाळी उपाशीपोटी ऐकलंय.

रुक्मिणीबाई पदरावरची वैरण झटकत इतक्या हसल्या की हे टाकाच असा त्यांनीच हट्ट धरला. तीन दिवसांत साडेसहा लाख लोकांनी ते पाहिलं. आमच्या दारात रांग लागली, आणि प्रत्येकाला गाडी शिकण्याआधी शिवी हवी होती. मुलुंडहून प्रीतम आणि जान्हवी नावाचं नवं लग्न झालेलं जोडपं आलं. प्रीतम गाडी उत्तम चालवत होता, ओरडणार कशावर? "काका, एक माहेराक होऊन जाऊ दे ना," म्हणाला. मी आपलं म्हटलं, 'जेवायला वाढलंय' म्हणावं तसं. घरी जाऊन जान्हवीने लिहिलं की व्हिडिओतला माणूस वेगळा असावा, हे काका नकली आहेत. ऋतिकाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, काका, तुमचा अस्सलपणा घसरलाय.

तो वाढवण्यासाठी दर्शना सकाळी मला बिनसाखरेचा चहा देऊ लागली आणि मुद्दाम आमच्या आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागली. मला राग येईना. चहाची तर सवय झाली. मग ऋतिकाने आठवड्याच्या सात शिव्या टाइप करून दिल्या. त्या मी डॅशबोर्डवर चिकटवल्या आणि लाल दिव्यापाशी पाठ केल्या.

त्याच आठवड्यात शकु नावाची बाई शिकायला आली. चार घरी स्वयंपाक करते, शाळेची व्हॅन चालवायची इच्छा आहे. तिला तो व्हिडिओ वगैरे काही माहीत नव्हतं. पवईच्या चढावर तिची गाडी बंद पडली आणि मी, दादा, मंगळवारची शिवी वाचली. मोठ्याने. तिने हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि हळू म्हणाली, "साहेब, हे घरी ऐकतेच मी. इथे पैसे भरून कशाला ऐकू?" उतरली आणि चालत गेली. मागे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला गाडी सुरू करता येईना.

ऋतिकाला सांगितलं तर ती म्हणाली, माफी मागतानाचा व्हिडिओ करू, फार चालेल. मी कॅमेरा उचकटून तिच्या पर्समध्ये घातला. दुसऱ्या दिवशी शकु काम करते त्या सोसायटीच्या फाटकाशी दीड तास उभा राहिलो. ती आली, तिने ऐकून घेतलं, आणि कॅमेरा नसेल तर येते म्हणाली. परवा ती पास झाली. त्याआधी पवईच्या त्या चढावर तिने एकदाही मागे न घसरू देता गाडी चढवली, आणि मी शेजारी बसून काहीच बोललो नाही. बरं वाटलं. रांग अर्थातच संपली. आता समोरच्या स्कूलचा पत्ता मी स्वतःहूनच सांगतो.

तुझा,
नंदकिशोर

ता. क. : मुद्दा राहिला. ते वाक्य मूळचं तुझं, हे दर्शनाच्या तोंडून गेलं. अस्सल माणूस सापडला म्हणून ऋतिका शनिवारी सकाळी कॅमेरा घेऊन तुझ्या घरी उतरते आहे. दादा, दोन दिवस गोड बोल. तिला सरबत दे, काजूची झाडं दाखव. तू शांत दिसलास की ती आपोआप परत येईल.

ता. क. २ : दर्शना म्हणते हे तुला जमणार नाही. तसं असेल तर दोन दिवस मालवणला ताईकडे जाऊन राहा.

ता. क. ३ : ताईकडेही जाणं नाहीच झालं आणि तोंडातून गेलंच काही, तर निदान शेवटी 'नंदकिशोर मोटर ट्रेनिंग स्कूल, कांजूरमार्ग पूर्व' एवढं कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट म्हण.