पत्र्याखालची फट

धर्मापुरी, २८ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. कौशल्यावहिनींस,
प्रयागचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

शहादेवदादा टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्याचं आईच्या पत्रातून कळलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही त्याच्यासोबत न जाता घरी राहिलात, ते तीस बदकांमुळे. म्हणून नीट वाचा. थंडी वाढेल. शेडच्या उत्तरेला पोती बांधा. खाली चार बोटं कोरडं पाचट पसरा; ओलं झालेलं रोज सकाळी काढा. पाणी कमी आहे हे ठाऊक आहे. पोहायला नको, पण नाकपुड्या बुडतील इतकं घमेल्यात हवंच. घमेलं बाहेर ठेवा. बुरशी आलेली पेंड चिमूटभरही नको.

सोसायटीच्या सभेत तुमचा सत्कार झाला म्हणे. पिल्लं मी आणली, शेड मी आखलं, हे कुणी सांगितलं का? सहज विचारते.

लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.
आपली,
प्रयाग

उमापूर, ९ डिसेंबर

चि. प्रयाग हिस कौशल्यावहिनीचा आशीर्वाद. इकडे सारे खुशाल, तुझी खुशाली कळवावी.

सभेत मी तुझं नाव घेतलं होतं गं, टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं न्हाई. थंडी लई पडली. आई म्हणतात, सुनेपेक्षा बदकांनाच वाकळ घाल, ती अंडी तरी देतात. सोसायटीच्या चेअरमन रुक्मिणीबाई म्हणाल्या, संक्रांतीपर्यंत सगळी धड राहिली तर बदकपालनाचं केंद्र कौशल्याच्या नावावर. मग माझा ऊसतोडीचा कोयता कायमचा सुटेल. बदकं आता माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात न्हाईत. शेजारचे धुळाजीमामा विचारतात, कावून गं, माय झालीस का त्यांची?

एक विचारायचंय. पत्र्याखाली तू वीतभर फट ठेवलीस, तिथून वारा येतो. सगळे म्हणतात, बुजव. काल मी चिंध्या कोंबल्या. आज चार-पाच बदकांच्या डोळ्यांत पाणी आहे. बरोबर केलं का? लगोलग कळव.

वाट बघणारी,
कौशल्यावहिनी

धर्मापुरी, १९ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

फट आधी उघडा, मग पुढचं वाचा. खाली ओल आणि विष्ठा, वर कोंडलेली हवा. त्या वाफेनं डोळे जातात, छाती भरते. बदकाला थंडी सोसते, कोंडमारा सोसत नाही. फटीतला वारा त्यांच्या डोक्यावरून जातो, म्हणूनच ती तिथं ठेवली. डोळे कोमट पाण्यानं पुसा. आजारी वेगळी करा.

तुमचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. सात दिवस ते टेबलाच्या खणात होतं. कामाचं कारण देता आलं असतं, काम नव्हतं. बदकं माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत, या तुमच्या ओळीपर्यंत आले आणि खण लावला. पुढचं आज वाचलं.

प्रयाग

उमापूर, २४ डिसेंबर

चि. प्रयाग हिस आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. पहिलं बदक सोळाला गेलं, अठरापर्यंत पाच. त्या दिवशी वाकून पाचट काढताना माझेच डोळे चुरचुरले, तेव्हा चिंध्या ओढून काढल्या. पंचवीस उभी आहेत. रुक्मिणीबाईंनी विचारलं, शिकलेल्या नणंदेला विचारलं नव्हतंस? मी म्हटलं, पत्र टपालात अडकलं. घरातलं बाहेर कशाला? आता त्या म्हणतात, कौशल्याला जमायचं न्हाई. टोळीचा मुकादम पंडित येऊन गेला. दादा एकटाच हाय, जोडीला चला म्हणाला. मी अजून काही बोलले न्हाई.

तुझा राग आला. खणाचं आईंना सांगितलं न्हाई.

कौशल्यावहिनी

धर्मापुरी, २९ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

बाराला उत्तर टाकलं असतं तर ते पंधराला पोचलं असतं. हे मी आज रुक्मिणीबाईंना रजिस्टर पत्रानं कळवलं आहे. पत्र टपालात नव्हतं, माझ्या खणात होतं. पाचही बदकं माझ्यामुळे गेली. केंद्र तुमच्याच नावावर करावं. नक्कल सोबत आहे, आईलाही वाचून दाखवा. पंडितला नाही म्हणून सांगा.

माझ्या मनातली अढी गेली, असं लिहिलं तर खोटं होईल. रविवारी येते आहे. आल्यावर पेंड घेऊन शेडमध्ये आधी मी एकटी जाईन. तुम्ही तेवढा वेळ बाहेर थांबा, बदकांना आवाजही देऊ नका.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा राहू द्यावा.

आपली,
प्रयाग