आपल्या घरात भुताचा सिनेमा

आप्पा, गेल्या रविवारी मी केमला आपल्या घरात भुताचा सिनेमा लावला, आणि मुद्दाम तुमच्या फोटोवर लावला. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. मेलेल्या माणसाला काही कळत नाही असं लोक म्हणतात. तुम्ही तसं म्हणणाऱ्यांतले नव्हता. मेलेलं माणूस बघतं, ऐकतं, दाराशी येऊन उभं राहतं, असं तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे.

मी सोलापुरात भवानी पेठेतल्या ज्या दुकानात काम करतो, तिथून लग्नकार्याला, गणपतीला लाउडस्पीकर आणि सिनेमाचं मशीन भाड्याने जातं. थेटरातला सिनेमा जुना झाला की त्याची अरुंद पट्टीची लहान प्रत निघते. ती पत्र्याच्या गोल डब्यांत मावते आणि घरातल्या साध्या भिंतीवर दिसते. लोक बहुतेक देवादिकांचे सिनेमे नेतात. हा भुताचा सिनेमा थेटरात लागला होता तेव्हा बायका पदराला लिंबू बांधून बघायला जात. मी गेलो नव्हतो. या उन्हाळ्यात त्याची लहान प्रत निघाली, मालकांनी पुण्याहून मागवली, आणि पट्टी कुठे फाटली आहे का ते बघायला मी ती दुकानात लावली. एक माणूस आपल्या बायकोला मारतो. ती परत येऊ नये म्हणून घर मंत्रून घेतो, चौकटीला खिळे ठोकतो आणि दुसरं लग्न करतो. तरी ती येते. खिडकीतून नाही, कौलांतून नाही, पुढच्या दारातून सावकाश चालत येते. तिथे माझा हात मशीनच्या बटणावर गेला. थांबवलं तर दिव्याच्या उष्णतेने पट्टी जळते, म्हणून तसाच धरून राहिलो.

"काय हो, भ्यालात का काय?" मालक म्हणाले.

"नाही. ही मला एका रविवारी गावाकडं न्यायची आहे."

"सोमवार धरनारा मानूस तुमी, आन भुताचा पिच्चर? न्या की. पर गावात कुनाला झटका आला तर माझं नाव सांगू नका."

आप्पा, तुम्हाला तो दिवस आठवतो की नाही, मला माहीत नाही. मी सहा वर्षांचा आहे. आतल्या खोलीतून आईचा आवाज आदल्या रात्रीपासून येतो आहे, आणि मग येत नाही. बाळही तिच्याबरोबर जातं. शेजारची म्हातारी मला उचलून गोठ्यात नेते आणि म्हणते, "हितंच बस, तिकडं बघू नगं." पण गोठ्यातून दार दिसतं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होऊन घरी परतते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि त्यावरचा उपायही ठाऊक आहे. तुम्ही सुपात राळ्याचे दाणे घेऊन निघता. मसणवटीतून परत येताना वाटेवर ते टाकत येता, म्हणजे ती दाणा न् दाणा वेचत बसेल आणि तोवर उजाडेल. जन्मभर सुपात मान घालून निवडटिपण केलेल्या बाईला मेल्यावरही तुम्ही दाणे वेचायला बसवलंत. मग उंबऱ्यात खिळा ठोकलात. हातोडा नव्हता, म्हणून आतून वरवंटा आणलात. त्याच वरवंट्याने ती आदल्या आठवड्यात तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी वाटत होती.

पुढे काही दिवसांनी मी माझ्या वाटणीची अर्धी भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवली. आत येता येत नाही तर निदान बाहेर तरी जेवेल, एवढाच माझा हिशेब. तुम्ही भाकरी पायाने लोटलीत आणि माझ्या मुस्काटात मारलीत. म्हणालात, "ती आता तुजी आय न्हाय. आत आली तर पैलं तुलाच खाईल." आई मला खाईल, असं तुम्ही मला सांगितलंत. मार मी विसरलो, आप्पा, पण हे वाक्य विसरलो नाही. मारुतीसमोर बसून स्तोत्र म्हणताना, 'भूतप्रेतसमंधादि' नाहीसे होतात असं आलं की मी तेवढे शब्द गाळून पुढे जायचो. माझी आई त्यांतच मोजलेली होती.

वर्षाच्या आत तुम्ही दुसरी केलीत. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी सवतीचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. पहिली गेली की दुसरीने तिला गळ्यात घालायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. तोही तुम्हीच सोनाराकडून घडवून घेतला होता. मला वाटायचं, बाहेर खिळ्याने अडवली ते पुरेसं नव्हतं, म्हणून हिच्या गळ्यात बांधून ठेवली. मोठा होईपर्यंत मी त्या टाकाकडे नीट पाहिलं नाही. मावशीने मला कधी उपाशी ठेवलं नाही, हे मात्र लिहिलं पाहिजे. आणि तुम्ही तापाने गेलात तेव्हा उंबऱ्यात कुणी काही ठोकलं नाही. तुमच्या वाटेवर कुणी राळे टाकले नाहीत. तुम्हाला सगळी दारं उघडी, शिवाय हार घातलेला फोटो, आणि दर पितरपाटाला माझ्या हातचा नैवेद्य.

म्हणून मी ठरवलं होतं, आप्पा. तुम्ही जिला आत येऊ दिलं नाहीत ती तुमच्या घरात येईल, आणि तुम्ही भिंतीवरून हलू शकणार नाही.

पॅसेंजरने मशीन आणि डबे घेऊन केमला उतरलो. दुष्काळानंतर धाकट्याने, मावशीच्या मुलाने, घरात वीज घेतली आहे. जेवणं झाल्यावर भर दुपारी आम्ही खिडकीला घोंगडी लावली, छतातल्या झरोक्यावर टोपलं पालथं घातलं. उंबऱ्याच्या आत मशीन मांडलं आणि समोरच्या, तुमच्या फोटोच्या भिंतीवर उजेड टाकला. धाकटा फोटो काढायला उठला.

"राहू दे," मी म्हणालो.

"अवो दादा, आप्पांच्या तोंडावर पिच्चर दिसंल की."

"राहू दे म्हटलं ना."

तो माझ्याकडे बघत खाली बसला. त्याची बायको तोंडात पदर धरून हसली. मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. आता तिला गुडघ्यांनी बसवत नाही. सिनेमा सुरू झाला. खून झाला, खिळे ठोकले, दुसरी बायको आली. धाकट्याची बायको आता हसत नव्हती. आणि मग ती बाई दारातून आत आली, सावकाश, केस मोकळे सोडून, आणि चालत चालत तुमच्या फोटोवर आली. तुमच्या मिशांवरून तिचं पातळ गेलं. फोटोची काच चमकली आणि तिचा चेहरा बरोबर तुमच्या चेहऱ्यावर थांबला. आप्पा, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. देवळात कधी वाटलं नाही इतकं बरं वाटलं. मी मनात म्हणालो, आता बघा.

तेवढ्यात मावशीने पोलक्यात हात घालून टाक बाहेर काढला. मला वाटलं, भ्याली, आता कपाळाला लावेल. तिने तो चिमटीत धरला आणि तोंड भिंतीकडे करून पुढे केला.

"बग गं अक्का," ती टाकाला म्हणाली, "तुज्या लेकानं मशीन आनलीया. सोलापूरनं. दिसतंय का तुला?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्ये कसलं भूत रं? पावडर लावलीया नुसती. मेलेली बाय येवडी नटंल व्हय?"

मी डबा बदलायला थांबलो तेव्हा तिला विचारलं, "तू रोज बोलतेस हिच्याशी?"

"मग कुनाशी बोलू? तुजा बाप बोलत व्हता का?"

"त्यांनी तिला खिळा ठोकून बाहेर ठेवली होती, मावशी."

"ठेवली आसंल. तवा म्या न्हवते. पर म्या माप वलांडून आत आले तवा ही गळ्यातच व्हती की. खिळ्यावरनंच आलो आमी दोगी. तुज्या बापानं भ्यानं घातली आसंल, माया न्हवती, ठाव हाय मला. पर आनली की त्यानंच." आणि वर म्हणाली, "लाव रं फुडं, नवरा मरतो का न्हाय ते बगू."

नवरा मेला. सगळ्यांना बरं वाटलं. माझं मन मात्र सिनेमात उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी जिला बाहेर उभी समजत होतो ती मी आणण्याआधीच घरात येऊन बसलेली, आणि आणणारे तुम्ही. तिथेही तुम्ही माझ्या हातून सुटलात. म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. भीतीपोटी केलेल्या चांगल्या गोष्टीचं पुण्य मिळत नाही, असं मी मानतो, आणि तुम्हाला ते मिळू नये अशी महादेवाजवळ प्रार्थनाही केली आहे.

पण एक अडचण झाली आहे, आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही. संध्याकाळी देवासमोर डोळे मिटून आईला नमस्कार करतो, तर त्या सिनेमातली नटी पुढे येते. चार दिवस प्रयत्न केला, ती हटत नाही. खरं सांगायचं तर तिच्या आधी त्या जागी कुणाचा चेहरा नव्हताच. मला आईची फक्त पाठ आठवते, चुलीपाशी वाकलेली. तिचा फोटो कधी काढला गेला नाही. मावशीने तिला पाहिलेलं नाही, आणि टाकावरची आकृती सगळ्याच टाकांवर सारखी असते. जुनी माणसं एकेक करून गेली. तिला समोरून, नीट, वर्षानुवर्षं पाहिलेले तुम्हीच होता. ती दिसायला कशी होती, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायला तुम्हीच लागता, याचा मला संताप येतो.