वीस मिनिटांत तीन भाज्या

२ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये म्हणून कपाटात स्वेटरखाली ठेवणार.
काल देवापुढे बोललो. हिची सुपरवायझरची परीक्षा पंधरा मार्चला आहे. तोवर रोज रात्रीचा स्वयंपाक मी करीन. वीस मिनिटांत. आणि त्यात किमान तीन भाज्या. (भाज्यांचं कलम कारखान्याच्या डॉक्टरांमुळे. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, हिरवं काही खाता का? मी म्हणालो, बडीशेप.)
खरं तर मनातल्या मनात बोलायचं होतं. पण एकवीस वर्षं मशीनच्या गोंगाटात बोलून आवाज मोठा झालाय. ही मागे उभी होती. म्हणाली, देवाने ऐकलं की नाही माहीत नाही, पण मी ऐकलंय.
ही हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरमध्ये आहे. अकरा वर्षं चादरी मोजतेय. दोनदा परीक्षेला बसली, दोनदा थोडक्यात राहिली. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. आतापर्यंत माझा पाठिंबा नव्हता, एवढंच कमी पडलं.

तोच दिवस. संध्याकाळी ८.१५
मी टाइमकीपर. आमच्याकडे कामगाराची वेळ कार्ड पंच केल्यापासून धरतात. कपडे बदलणं, बूट घालणं ज्याचं त्याने. त्याच न्यायाने स्वयंपाकाची वेळ गॅस पेटल्यापासून. धुणं, सोलणं, चिरणं ही पूर्वतयारी. ती हिने केली. समोर पुस्तक ठेवून करता येते.
गॅस पेटला ७.३१, बंद ७.५०. गाजर, कोबी, मटार यांचं सूप. एकोणीस मिनिटं! लोक स्वयंपाकाचा उगाच बाऊ करतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज ही म्हणाली, अहो, तुम्हाला सोडलं त्या बोलण्यातून. देवालाही मी सांगते. मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. ती बराच वेळ फरसबीच्या शेंगेकडे बघत राहिली. माझ्या त्यागाने भरून आलं असावं.

८ फेब्रुवारी, रविवार
प्रश्न: कांदा ही भाजी धरावी का? गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, जमिनीतून येतं ते सगळं एकाच आईचं. म्हणजे कांदा आला. बटाटा आला. टोमॅटो सॉस हा टोमॅटोच, फक्त बाटलीतला.
आजचा मेनू: बटाटा, कांदा, सॉस. तीन झाल्या.
मुलगी अकरावीला आहे. म्हणाली, बाबा, मग चहापण भाजीच की. यावर विचार करतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार
मुलीने मोबाइलवर सगळ्यांची वेळ मोजली. आई: सोलणं-चिरणं, ओटा पुसणं, एक तास पाच मिनिटं. ती स्वतः: बाजार आणि भांडी, पन्नास मिनिटं. मी: अठरा. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, बघा.
बघितलं. सगळ्यात कमी वेळ माझा, म्हणजे कार्यक्षमता सगळ्यात जास्त माझी. तिला तसं सांगितलं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हिने मात्र कागद घडी करून पुस्तकात ठेवला. खूण म्हणून असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार
हिने नवीन पद्धत काढली. ड्यूटी संपली की घरी न येता तिथेच स्टोअरमध्ये साडेआठपर्यंत अभ्यास करणार. म्हणाली, चादरी काही चिरायला सांगत नाहीत.
उत्तम. मला मोकळं मैदान.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मैदान फार मोठं आहे.
फ्लॉवरमध्ये अळ्या असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पालक धुतला, माती आली. परत धुतला, परत माती. पाचव्या पाण्यानंतर माती मानून घेतली. जमिनीतून येतं ते सगळं एकाच आईचं.
कारखान्यातून पावणेचारला आलो. गॅस पेटवला ७.०५. पूर्वतयारी तीन तास वीस मिनिटं. स्वयंपाक वीस मिनिटांतच. शब्द पाळला.
आपल्या स्वयंपाकघराला खिडकी फार लहान आहे हे इतक्या वर्षांत प्रथमच लक्षात आलं. त्यातून समोरच्या इमारतीचा पाइप दिसतो. आज तीन तास पाइप पाहिला.

२२ फेब्रुवारी, रविवार
मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते आणि जेवूनच येते. ही येते तेव्हा भूक मेलेली असते. उरलेलं मी संपवतो. तरी उरतं. अन्न टाकू नये असे संस्कार, म्हणून कालचं आजच्यात घातलं. कालच्या तीन, आजच्या तीन, एकूण सहा भाज्या. डॉक्टर खूश होतील.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
पातेलं संपत नाही. एकूण भाज्या पंधरा, रंग एकच. डबा भरून कारखान्यात नेला. गेटवरच्या वॉचमनने झाकण उघडून वास घेतला. म्हणाला, साहेब, हे आत न्यायचं की बाहेर? मी हसलो. तो हसला नाही, नियमाप्रमाणे रजिस्टर काढलं.

४ मार्च, बुधवार
बोट कापलं. ढोबळी मिरची निसरडी असते. आज प्रार्थनेत विचारलं, सहा आठवड्यांऐवजी पाच चालतील का? पट्टी बांधलेलं बोट नीट दिसेल असे हात जोडले. उत्तर नाही. मौन म्हणजे संमती, हा नियम तिथे लागू असेल का?
हिला सहज म्हटलं, तू त्या दिवशी मला सोडलं होतंस ना? तर म्हणाली, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता मला सवय लागली.

९ मार्च, सोमवार
कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहितो. आज गाजर किसताना मनात आलं, यंदाही ही थोडक्यात राहिली तर आयुष्य पूर्वीसारखं होईल. ही सहाला घरी येईल. ओट्यापाशी उभी राहील. मी बाहेर पेपर वाचत बसेन आणि आतून भांड्यांचा आवाज येईल.
ती नापास व्हावी असं मी म्हणालो नाही. पास व्हावी असं म्हणताना फक्त आवाज थोडा लहान झाला.
उद्यापासून मोठ्याने प्रार्थना.

१४ मार्च, शनिवार
उद्या परीक्षा. ही आज लवकर आली. म्हणाली, मागच्या वेळीही सगळं पाठ होतं, पेपर हातात घेतला आणि पाटी कोरी.
मी ओट्यापाशी गेलो. एकाच पातेल्यात भात लावला, त्यात गाजर, मटार, फरसबी. सगळं मिळून पंचावन्न मिनिटं. घड्याळ नंतर पाहिलं.
ही दोनदा वाढून घेऊन जेवली. म्हणाली, मीठ बरोबर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं मोठं सर्टिफिकेट नाही मिळालं.

१५ मार्च, रविवार
परीक्षा झाली. पेपर बरा गेला म्हणाली. माझाही संकल्प पूर्ण. सुरी धुऊन, पुसून सर्वांत खालच्या खणात ठेवली. देवाचे आभार. यापुढे मी या घरात फक्त जेवणार.

२७ मार्च, शुक्रवार
पास! सगळ्या हॉस्पिटलमध्ये पहिली! मुलगी नाचली. मीही, जमेल तेवढा. श्रेय घेऊ नये, पण कारखान्यात सर्वांना सांगितलं की पाया माझा होता. देवालाही मनापासून हात जोडले. नऊ तारखेचं त्याने मनावर घेतलं नाही, मोठं मन त्याचं.
संध्याकाळी ही म्हणाली, एक सांगायचं राहिलं. सुपरवायझरची जागा सेकंड शिफ्टची आहे, दोन ते दहा. मोठ्या साहेबांनी विचारलं, संध्याकाळचं घर कोण बघणार? मी म्हटलं, आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक हेच करतात, त्यांना फार हौस आहे. साहेबांनी लगेच सही केली.
मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, अहो, दिवस काय, रिटायर होईपर्यंत.
खालच्या खणातली सुरी काढून परत ओट्यावर ठेवली.

१ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.४०
हिचा पहिला दिवस. मी पावणेचारला घरी आलो तेव्हा ही गेलेली. खुर्चीवर जुना गाऊन घडी करून ठेवलेला. मी सकाळी निघालो तेव्हा ही झोपेत होती. आता रविवार सोडून अशीच भेट.
बाजारातून दुधी आणला. सालीसकट करायचा की सोलून, हे माहीत नाही. मुलीला विचारलं. तिने हेडफोन काढून म्हटलं, आईला विचारा, आणि परत लावला.
हिला फोन केला. पाठीमागे ट्रॉल्यांचा खडखडाट, कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारत होतं. ही म्हणाली, अहो, ड्यूटीवर आहे, पटकन बोला.
मी म्हटलं, काही नाही. सहज केला.