भिंगवाले हे नाव आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, भिंगवाल्यांची थोरली मुलगी, अविवाहित, धंदा पूर्वी चष्म्याच्या दुकानाचे हिशेब व कॉम्प्युटर सांभाळणे, सध्या काही नाही, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाने किंवा कोणाला खूश करण्यासाठी करत नाही, आणि यापूर्वी दुसरे केलेले नाही. मजकूर माझा आहे. वकीलबाईंनी तो कायद्यात बसवला आणि मधली बडबड काढायला सांगितली. बडबड राहील. आयुष्यभर मला लोकांनी बोलता बोलता तोडले, इथे ते कोणाला जमणार नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावे. गॅलरीतला नळ गळतो. प्लंबर दर वेळी दोष नळाचा नाही, भिंतीचा आहे असे सांगून पैसे घेऊन जातो. भाचीने दुसरा प्लंबर बघावा. इमारतीच्या सेक्रेटरींनी माझ्या मजल्यावर जिन्यात दिवा लावू दिला नाही, कारण म्हणे वर राहणारी मी एकटीच. त्यांना मी माफ केलेले नाही. भाचीने करायचे की नाही ते तिने ठरवावे, घराबरोबर तिच्यावर ते बंधन येत नाही.

कलम दोन. बँकेतली ठेव निम्मी भाचीला व निम्मी डोळ्यांच्या दवाखान्याला, ज्यांना चष्मा परवडत नाही त्यांच्या चष्म्यांसाठी. अट एकच. फुकटचा चष्मा म्हणून कुरूप फ्रेम देऊ नये. वडील म्हणायचे, नाकावर बसणारी वस्तू माणूस दिवसभर जगाला दाखवत असतो, त्यात त्याची गरिबी दाखवू नका.

कलम तीन. वडिलांची अवजारे. भिंग घासायचा दगड, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि चाचणीच्या भिंगांची लाकडी पेटी. वडील भिंगे स्वतः घासत, म्हणून लोक त्यांना भिंगवाले म्हणू लागले आणि पुढे दुकानाच्या पाटीवरही तेच आले. दुकानात आम्ही दोघी बहिणी. धाकटी गिऱ्हाइकासमोर बसायची, मी पडद्यामागे. समोरचा माणूस दारातून आत येईपर्यंत तिला कळायचे की याला लांबचे दिसत नाही की जवळचे, आणि हा घासाघीस करणार की नाही. मला माणसांपेक्षा आकडे बरे वाटायचे, ते तोंडावर काही बोलत नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचे, धाकटी म्हणजे हुबेहूब बाप. थोरली कोणासारखी, हे कोणी म्हटले नाही, आणि मी पडद्यामागून ऐकत असायची.

वडील गेल्यावर धाकटी म्हणाली, दुकान दवाखान्याजवळ नेऊ या, डोळे तपासून माणूस तिथेच बाहेर पडतो. मी म्हटले, वडिलांची जागा हलणार नाही. ती तिच्या वाटेने गेली आणि तिकडे दुकान थाटले. मी जुन्या जागी वर्षभर माशा मारल्या आणि शटर ओढले. तिचे बरोबर होते. अवजारांचे काय झाले ते पुढे येईल.

कलम चार. हे कलम मी आधी एका ओळीचे लिहिले होते, आणि ती ओळ लिहिताना मला मी फार उदार वाटले होते. ओळ अशी: भिंगवाले हे डोमेन माझ्या मृत्यूनंतर माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दुकानाचे इंटरनेटवरचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. वर्षाच्या भाड्याने मिळते, आणि ज्या कंपनीमार्फत भाडे भरायचे तिला रजिस्ट्रार म्हणतात. वडील होते तेव्हा ते नाव मीच घेतले, माझ्या खात्यावर. नवरा मी निवडला नाही, पण रजिस्ट्रार पारखून निवडला. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट देणारे दुसऱ्या वर्षी सालटी काढतात, म्हणून मी दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघितला. नाव दुसरीकडे न्यायचे म्हटले तर अडवतात का ते विचारले. फोन केला तर माणूस उचलतो की बाजा वाजतो, तेही बघितले. वडील कौतुकाने म्हणाले, पोरीने सोयरीक जमवावी तशी चौकशी केली. माझ्या वाट्याला आलेले ते एक कौतुक, म्हणून तो सगळा तपशील मला अजून पाठ आहे.

दुकान बंद केले तेव्हा त्या नावावर मी एक पान ठेवले. "भिंगवाले चष्मेघर बंद झाले आहे. आपल्या लोभाबद्दल आभारी आहोत." ते खरे होते. माझे दुकान बंद झाले होते. धाकटीचे उघडे होते, पण तिचा इंटरनेटवरचा पत्ता लांबलचक, मधे आडव्या रेघा आणि शेवटी आकडा, तो कोणाच्या लक्षात राहणार? जुनी माणसे भिंगवाले टाकायची आणि माझे पान वाचून हळहळायची.

धाकटीने नाव मागितले. ताई, तुला आता लागत नाही तर माझ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करून दे, एवढे साधे म्हणणे. मी म्हटले, देते. आणि तिला द्यायच्या आधी नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे हलवले, माझ्याच खात्यावर. नियम असा आहे की एकदा ट्रान्सफर झाले की पुढचे साठ दिवस ते नाव दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. मग मी तिला सांगितले, अगं लॉक आहे, नियम आहे, मी काय करू. लॉक संपून तिने पुन्हा विचारले की मी पुन्हा नाव हलवायची. विचारलेच तर कारण तयार असायचे, हा दर चांगला, त्याची सेवा चांगली. तिच्याशी मी एक अक्षर खोटे बोलले नाही. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. खोटे बोलणारा निदान पकडला जातो.

औषधांच्या दुकानात एकदा वडिलांचे जुने गिऱ्हाईक भेटले, निवृत्त बस ड्रायव्हर, जाड भिंगांचे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. म्हणाले, "दुकान बंद झाल्याचं वाचलं. मला वाटलं धाकटीही गेली. फार वाईट वाटलं." मी "नाही हो, आहे ती" एवढे म्हणाले आणि औषध घेऊन निघाले. तिचे दुकान कुठे आहे ते मी सांगितले नाही. रस्ता ओलांडताना त्यांनी चष्मा हाताने धरून ठेवला होता, ते मी वळून पाहिले आणि तरीही परत गेले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाचीकडून कळले की धाकटीच्या दुकानाचा भाडेकरार संपतो आहे आणि गिऱ्हाईक इतके आटले आहे की ती तो वाढवणार नाही. हे सांगायला भाची आली तेव्हा तिच्या हातात एक डबी होती. माझा नंबर वाढल्याचे तिनेच आईच्या कानावर घातले होते, दवाखान्यातून कागदही तिनेच नेला होता. डबीत नवा चष्मा होता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. हे मृत्युपत्र मी तोच चष्मा लावून लिहिते आहे.

चष्मा घातला आणि वकीलबाईंकडे जाऊन ती उदार ओळ वाचून दाखवली. वकीलबाई तरुण आहेत, पण त्यांना आडपडदा नाही. त्या म्हणाल्या, "हे कलम लागू व्हायला तुम्हाला मरावं लागेल. तोवर बहिणीने काय करायचं? वाट बघायची?"

बहिणीचे दुकान चालू राहण्याची किंमत म्हणून मी तिला माझ्या मरणाची वाट बघायला लावत होते, आणि ते कायदेशीर कागदावर, सुवाच्य अक्षरात. वकीलबाईंनी पाणी पुढे केले. मी ते प्यायले आणि उठून सरळ धाकटीच्या दुकानात गेले.

आता मेख अशी की शेवटच्या वेळी मी नाव हलवले त्याचे लॉक अजून चालू होते आणि भाडेकरार त्याआधी संपत होता. पण लॉक कंपनी बदलण्याला असते. माणूस बदलण्याला नसते. धाकटीने त्याच कंपनीत खाते उघडले तर नाव माझ्या खात्यातून तिच्या खात्यात सरकवता येते, तिथल्या तिथे. हा मार्ग मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तिला माहीत नव्हता आणि मी सांगितला नव्हता.

तिच्या टेबलावर, फ्रेमांच्या आरशासमोर, तिने खाते उघडले. मी बटण दाबले. तिच्या पडद्यावर नाव आले. तोवर तिचा चहासुद्धा निवला नव्हता.

"एवढंच होतं, ताई?"

मी म्हटले, "एवढंच." आणि मग रजिस्ट्रार का बदलत राहिले तेही सांगितले, सगळे. आरशात आम्ही दोघी दिसत होतो, म्हणून मी टेबलाकडे बघून बोलले.

ती एका भिंगावर फडके फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते, ताई माझ्यासाठी खटपट करतेय, नियमच तसा आहे."

ती ओरडली असती तर मला सोपे गेले असते. मी जायला उठले तर म्हणाली, बस, गिऱ्हाईक आलंय, बाहेरच्यांसमोर तोंड पाडून जाऊ नकोस. मी बसले. पडदा नव्हता, त्यामुळे समोरच बसावे लागले.

सबब कलम चार रद्द. जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. "बंद झाले आहे" हे पान तिने त्याच संध्याकाळी काढले. ड्रायव्हरसाहेबांच्या घरी मी स्वतः जाऊन पत्ता दिला. त्यांनी चहा विचारला, तो मला घेववला नाही. कलम तीनमधली पेटी, दगड व स्क्रू ड्रायव्हरही मी दुसऱ्या दिवशी दुकानात पोचते केले, तेव्हा तेही कलम रद्द.

कलम पाच. माझा कॉम्प्युटर भाचीला. त्यातली रजिस्ट्रारांच्या दरांची तुलना तिने वाचावी, ती चांगली आहे. फक्त कोणासाठी केली आणि कोणाविरुद्ध वापरली, हे लक्षात ठेवावे.

कलम सहा. माझ्या धाकट्या बहिणीला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. वाचणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये. वकीलबाई सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे धोक्यात येते. तिला काही मिळणार नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला काहीच ठेवलं नाहीस?" मी म्हटले, "नाही." ती म्हणाली, "बरं. पेन दे."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, नव्या चष्म्याने, आणि तो मला स्वच्छ दिसला. त्याखाली दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: भिंगवाल्यांची थोरली

साक्षीदार एक: वकीलबाईंच्या ऑफिसातल्या टायपिस्ट. मजकूर टाइप करताना दोनदा थांबल्या, कारण सांगितले नाही.

साक्षीदार दोन: धाकटी बहीण. धंदा: चष्म्याचे दुकान. पत्ता, तिच्या स्वतःच्या अक्षरात: "भिंगवाले. एवढं टाकलं की सापडते."

स्थळ: वकीलबाईंचे ऑफिस, जिन्याशेजारची खोली.

तारीख: धाकटीने दुकानाच्या नव्या भाडेकरारावर सही केली, तीच.