हडपसरची नोकरी नाकारली तेव्हा

ती. आईस,
नमूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीतल्या दोघी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागून हडपसरला राहायला गेल्या. कसबा पेठेतली ही खोली आता एकटीला मोठी वाटते. चहा अजून चुकून तिघींचा ठेवते.

त्याच कंपनीत माझीही निवड झाली होती. सोमवारी मी नकार कळवला. बाबा बोललेच असतील.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या इनामदार मॅडमनी आम्हाला एका गावात विहिरींचं पाणी मोजायला नेलं. गावकऱ्यांना समजावून सांगायची वेळ आली, तशी मी मागे सरकले. मॅडम म्हणाल्या, "तू बोल, मी मागे उभी आहे." आई, मी अर्धा तास बोलले! वळून पाहिलं, तर त्या केव्हाच झाडाखाली जाऊन बसल्या होत्या. तेव्हाच ठरवलं, भूजलाचंच काम करायचं.

बाबा म्हणाले, "तुला नाही जमायचं," आणि फोन ठेवला. त्यांचा गुडघा कसा आहे?

रविवारी फोन करीन, तेव्हा स्पीकरवर ठेव. ते बोलले नाहीत तरी चालेल. नुसते खोकले तरी मला कळेल, शेजारी बसलेत म्हणून.

तुझीच,
नमू